घडीचा गोलपोस्ट नट आवळूनही पुन्हा पुन्हा कलतो : निदान आणि दुरुस्ती

घरामागच्या मोकळ्या जागेत खेळण्यासाठी नळ्या जोडून बनवलेला घडीचा गोलपोस्ट सुरुवातीला ताठ उभा राहतो आणि काही आठवड्यांच्या खेळानंतर त्याची एकच तक्रार सुरू होते. चेंडू खांबाला लागला की सगळी चौकट एका बाजूला झुकते आणि तशीच राहते. हाताने सरळ केली तर पुढच्या फटक्याला दुसरीकडे कलते. पाना घेऊन कोपऱ्यांचे नट आवळले की दोन-चार दिवस बरे जातात आणि मग पुन्हा तेच. जास्त आवळले तर सांधा फिरत नाही, घडी घालताना जोर लावावा लागतो आणि नळी चेपते. कमी आवळले तर चौकट डुगडुगते. या दोन टोकांच्या मधली योग्य जागा शोधण्यात पुष्कळ लोक वेळ घालवतात, पण अशा रचनेत ती जागा नसतेच.

नट सैल होणे हे लक्षण आहे, दुखणे नाही. कोपऱ्यावरच्या एकाच बोल्टावर आपण दोन विरुद्ध कामे सोपवलेली असतात: घडी घालताना त्याने नळीला सहज फिरू द्यायचे आणि खेळताना अजिबात फिरू द्यायचे नाही. ही दोन कामे दोन वेगळ्या भागांकडे दिली, तरच तक्रार कायमची मिटते. पूर्ण आकाराच्या मैदानावर, जिथे गोलची आतली रुंदी ७.३२ मीटर आणि उंची २.४४ मीटर असते, खांब जमिनीत रोवलेले असले की कोपऱ्यावर एवढा भार येत नाही, कारण जमीनच खांबाला सरळ धरते. आपल्या उचलून ठेवायच्या चौकटीला जमिनीचा तो आधार नाही, म्हणून तिचा ताठपणा तिच्या स्वतःच्या भूमितीतूनच यायला हवा.

पुढचे सगळे हिशेब १.८ मीटर रुंद, १.२ मीटर उंच आणि ०.७५ मीटर खोल चौकटीचे आहेत. पुढे दोन खांब आणि त्यांच्यावर आडवी दांडी, दोन्ही बाजूंना जमिनीलगत मागे जाणारी तळनळी, त्या दोघींना मागे जोडणारी तळदांडी, आणि प्रत्येक बाजूला खांबाच्या माथ्यापासून तळनळीच्या मागच्या टोकापर्यंत येणारी तिरपी नळी, अशी रचना मी गृहीत धरली आहे. माप वेगळे असेल तर आकडे बदलतील. कारणे तीच राहतील.

पाना उचलण्याआधी

सर्वप्रथम जाळी काढावी. ताणून बांधलेली जाळी चौकटीला एका बाजूला ओढत असते आणि त्यामुळे कोणता सांधा ढिला आहे हे कळत नाही. त्यानंतर चौकट फरशीवर किंवा सिमेंटच्या सपाट जागेवर उभी करावी. खडबडीत जमिनीवर चारपैकी एक पाय बहुतेक वेळा अधांतरी असतो, चेंडू लागला की चौकट त्या पायावर आपटते, आणि प्रत्येक आपटण्याने कोपरे थोडे थोडे पिळले जातात. सपाट जागेवर गोलपोस्ट ठाम उभा राहत असेल आणि गवतावरच डुगडुगत असेल, तर सांध्यांना हात लावण्याची गरज नाही. अधांतरी राहणाऱ्या पायाखाली रबराचा जाड तुकडा देणे किंवा कमी-जास्त करता येणारा पाय बसवणे एवढे पुरेसे असते.

सपाट जागेवरही चौकट कलत असेल तर पुढच्या तोंडाचे दोन्ही कर्ण मापावेत. १.८ बाय १.२ मीटरच्या चौकोनाचा कर्ण २.१६ मीटरच्या आसपास भरतो. दोन्ही कर्ण सारखे भरले तर चौकट गुण्यात आहे, म्हणजे तिचे कोपरे काटकोनात आहेत. माथा केवळ २० मिलिमीटर एका बाजूला सरकला तरी दोन कर्णांत सुमारे ३३ मिलिमीटरचा फरक पडतो, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा कलही मोजपट्टीवर लगेच दिसतो. कोपऱ्याला गुण्या लावून एवढी अचूकता मिळत नाही, कारण गुण्याची भुजा लहान असते आणि नळीचा किंचित बाकही तिला फसवतो.

आता एकाने खांबाचा माथा हलकेच डावी-उजवीकडे ढकलावा आणि दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोटाचे पेर अशा रीतीने ठेवावे की अर्धे पेर एका नळीवर आणि अर्धे दुसरीवर येईल. दोन भागांची अगदी कमी हालचालही पेराला चटकन जाणवते आणि नजरेला सगळीच चौकट हलताना दिसत असली तरी हलणारे सांधे एक किंवा दोनच असतात. तो सांधा सापडला की चौकट कोणत्या दिशेने कलते आणि सांधा कोणत्या दिशेने दुमडतो, हे ताडून पाहावे. या दोन दिशा एकच असतील तर चौकटीला फक्त नटाच्या दाबामुळे होणारे घर्षण किंवा कुलपाची पिन, म्हणजे खेळताना सांधा फिरू नये म्हणून भोकात घातलेली पिन, धरून ठेवत असते. दिशा वेगळ्या असतील, म्हणजे खांब मागे दुमडतो पण चौकट बाजूला कलते असे असेल, तर भोकातली ढिलाई हे कारण आहे. बहुतेक जण हा फरक न करता सरसकट सगळे नट आवळतात आणि म्हणूनच तक्रार परत येते.

अर्ध्या मिलिमीटरचे काय होते

८ मिलिमीटरच्या बोल्टासाठी हातड्रिलने पाडलेले भोक सहज ८.५ मिलिमीटरचे होते. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण बोल्ट ४० मिलिमीटर रुंदीच्या नळीत बसलेला असेल तर तेवढ्या ढिलाईने तो सुमारे पाऊण अंशाने तिरका होऊ शकतो आणि १.२ मीटर उंचीवर हा तिरकेपणा १५ मिलिमीटरचा होतो. दोन्ही कोपऱ्यांची ढिलाई एकाच बाजूला गेली की चौकट कललेली दिसते.

कुलपाच्या पिनेच्या बाबतीत गणित याहून कडक आहे. पिन फिरण्याच्या बोल्टापासून केवळ २५ मिलिमीटरवर असेल आणि तिच्या भोकात अर्धा मिलिमीटर ढिलाई असेल, तर माथा २४ मिलिमीटर हलतो. तीच पिन, तीच ढिलाई, पण अंतर १०० मिलिमीटर केले तर माथा ६ मिलिमीटर हलतो, आणि १५० मिलिमीटर केले तर ४. भोक अधिक अचूक पाडण्यासाठी धडपडण्यापेक्षा पिन लांब नेणे किती सोपे आणि किती परिणामकारक आहे, हे या आकड्यांवरून दिसते. बाजारात तयार मिळणाऱ्या बऱ्याच घडीच्या बिजागऱ्यांत पिन फिरण्याच्या बिंदूला चिकटूनच असते, कारण त्यामुळे बिजागरी लहान आणि देखणी होते. टेबलाच्या पायाला ती चालते, पण चेंडूचे फटके खाणाऱ्या खांबाला ती पुरत नाही.

फटका किती मोठा असतो याचीही कल्पना असावी. ५ क्रमांकाच्या फुटबॉलचे वजन ४१० ते ४५० ग्रॅम असते. असा चेंडू सेकंदाला १५ मीटर वेगाने येऊन कडक खांबावर आदळला आणि सुमारे एक शतांश सेकंदात थांबला, तर त्या क्षणापुरता सरासरी ६५० न्यूटनच्या आसपास जोर खांबावर येतो, म्हणजे साधारण ६५ किलो वजनाएवढा. चेंडू उलट उसळला तर त्याहून जास्त. नटाच्या घर्षणाची पकड बोल्टाच्या मध्यापासून जेमतेम सेंटिमीटरभर अंतरावर काम करते आणि हा जोर अर्धा-पाऊण मीटर लांबून येतो. ही झुंज घर्षण कधीच जिंकणार नाही, मग नट कितीही आवळा.

फिरण्याचा सांधा

फिरण्याच्या सांध्यात नट आवळलेला असूनही नळी मोकळी फिरली पाहिजे. हे विरोधाभासी वाटते, पण बोल्टावर एक धातूची बाही चढवली की ते सहज साधते. ८ मिलिमीटर आतला आणि १२ मिलिमीटर बाहेरचा व्यास असलेला पोलादी नळीचा तुकडा घ्यावा आणि त्याची लांबी ज्या नळीतून तो आरपार जाणार आहे तिच्या रुंदीपेक्षा, दोन्ही बाजूंचे वॉशर धरून, पाव मिलिमीटर जास्त ठेवावी. नळीला १२ मिलिमीटरची भोके पाडून ही बाही आत घालावी आणि कोपऱ्यावर नळीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या धातूच्या दोन पट्ट्यांच्या मध्ये ती धरून बोल्ट पूर्ण ताकदीने आवळावा. आता बोल्ट, बाही आणि दोन्ही पट्ट्या मिळून एक घट्ट एकसंध भाग होतो, नळी बाहीभोवती फिरते, आणि नळीचा नटाशी संबंधच उरत नाही. नट सैल होण्याचे मुख्य कारण हेच असते की घडी घालताना फिरणारी नळी दर वेळी नटाला थोडे थोडे सोबत ओढते. बाही घातल्यावर ते ओढणे थांबते, आणि नळी चेपण्याची भीतीही जाते, कारण आवळण्याचा सगळा दाब बाही पेलते.

बाही आणि नळी यांच्यामध्ये कडा असलेला नायलॉनचा बुश (भोकात बसणारे नळीसारखे अस्तर) बसवता आला तर फारच चांगले. मग भोक बुशाच्या बाहेरच्या मापाचे पाडावे. नळी ॲल्युमिनियमची आणि बोल्ट स्टेनलेस पोलादाचा असेल तर मी बुश आवश्यकच मानतो. हे दोन धातू ओलाव्यात एकमेकांना लागून राहिले की ॲल्युमिनियम गंजते, त्याची पांढरी भुकटी सांध्याभोवती जमते आणि भोक आतून मोठे होत जाते.

सांधा उघडलाच आहे तर जुना बोल्ट हातात घेऊन नीट पाहावा. तो डोक्यापर्यंत आट्यांचा असेल तर नळीची पातळ भिंत आट्यांच्या धारांवर टेकत आलेली असते, आणि प्रत्येक घडीबरोबर त्या धारा कानशीसारख्या भोकाची कड खात आलेल्या असतात. बोल्टाच्या आट्यांत चमकदार चुरा अडकलेला दिसला आणि भोक अंड्यासारखे लांबट झालेले दिसले, तर नट कितीही आवळून उपयोग नव्हता हे तिथेच कळते. १.२ मिलिमीटर जाडीच्या नळीच्या दोन भिंती मिळून ८ मिलिमीटरच्या बोल्टाला टेकायला फक्त १९ चौरस मिलिमीटर जागा देतात. १२ मिलिमीटरच्या बाहीला सुमारे २९ मिळते, आणि बाहीला आटे नसल्यामुळे ती सगळी जागा कामी येते. बाही वापरायची नसेल, तर निदान ज्याचा नळीत राहणारा भाग गुळगुळीत आहे आणि आटे फक्त टोकाला आहेत असा बोल्ट घ्यावा.

लांबट झालेले भोक वेल्डिंगने बुजवून पुन्हा पाडण्याच्या भानगडीत पडू नये. पातळ नळी जळते आणि तिथे वाकते. भोक मोठे करून त्यात बाही किंवा बुश बसवणे सोपे पडते. नवे भोक पाडताना आधी ३ मिलिमीटरचे बारीक भोक पाडावे आणि नंतर पायऱ्यांच्या ड्रिलने ते वाढवावे, कारण साधे ड्रिल पातळ पत्र्यात गोल भोक न पाडता तिकोनी झाक असलेले भोक पाडते. दोन्ही भिंतींतली भोके समोरासमोर यायला हवीत, म्हणून नळी खोबणीच्या लाकडी ठोकळ्यात घट्ट धरून ड्रिल उभ्या स्टँडवर लावावे. नटांच्या बाबतीत एवढेच सांगतो की आत नायलॉनचे कडे असलेला नट पुन्हा पुन्हा काढ-घाल करण्यासाठी नसतो. सांधा उघडल्यावर तो बदलावा.

धरण्याचा भाग

आता खेळताना सांधा धरून ठेवण्याचे काम वेगळ्या भागाकडे द्यायचे. कोपऱ्याच्या दोन पट्ट्या खांबालगत खाली १०० ते १५० मिलिमीटरपर्यंत वाढवाव्यात आणि त्यांच्या टोकाशी कुलपाचे भोक ठेवावे. या भोकात पिन चालते, पण मी हाताने फिरवायची मूठ असलेल्या बोल्टाला पसंती देतो. पिनेच्या भोकात थोडी तरी ढिलाई ठेवावीच लागते, नाहीतर ती घालता-काढता येत नाही. मूठ फिरवून आवळलेला बोल्ट दोन्ही पट्ट्या खांबावर दाबतो, ढिलाई उरू देत नाही, आणि इथे घर्षण फिरण्याच्या बोल्टापासून दूर काम करत असल्यामुळे त्याचा खरोखर उपयोग होतो. उभारणीला मिनिटभर जास्त लागते, आणि तेवढा वेळ द्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. या जागी नळीच्या आत लाकडाचा किंवा कडक नायलॉनचा ठोकळा बसवायला विसरू नये, नाहीतर मूठ आवळताना नळी चेपेल.

कुलपाचे भोक पाडण्याचा क्रम सर्वांत महत्त्वाचा आहे. फिरण्याचे सगळे सांधे आधी पूर्ण करावेत, चौकट सपाट फरशीवर उभी करावी, दोन्ही कर्ण सारखे येईपर्यंत ती सरकवावी, शिकंजे लावून तिथेच पक्की धरावी, आणि मग पट्टी व खांब यांच्यातून भोक एकदमच आरपार पाडावे. प्रत्येक नळीला कागदावरच्या मापाने वेगवेगळी भोके पाडून ती नंतर जुळवायला गेले तर चौकट कायमची वाकडी कुलूपबंद होते आणि मग ती सरळ करण्यासाठी भोके मोठी करावी लागतात, म्हणजे पुन्हा ढिलाई आली.

कर्ण मागच्या बाजूला द्यावा

एवढे करूनही चौकट चांगली होते, पूर्ण ठाम होत नाही. कारण चार बाजूंचा चौकोन कोपऱ्यांच्या जोरावरच उभा असतो आणि बाजूंची लांबी न बदलता तो तिरका होऊ शकतो. त्रिकोणाचे तसे नसते. त्याची एखादी बाजू लांब किंवा आखूड झाल्याशिवाय त्याचा आकार बदलूच शकत नाही. म्हणून कुठलीही चौकट कर्ण दिला की ताठ होते. अडचण अशी की गोलच्या तोंडावर कर्ण देता येत नाही, कारण चेंडू तिथूनच आत जायचा असतो. कोपऱ्यात लहान तिरका टेकू देणे हा एक मार्ग आहे, पण टेकू उपयोगी पडावा इतका मोठा केला तर तो गोलचा कोपरा अडवतो, आणि चांगला फटका नेमका त्याच कोपऱ्यात मारलेला असतो.

माझ्या मते या रचनेतला सर्वांत चांगला उपाय मागच्या उतरत्या बाजूला आहे. आडव्या दांडीच्या दोन टोकांपासून मागच्या तळदांडीच्या विरुद्ध टोकांपर्यंत दोन दोऱ्या फुलीच्या आकारात बांधाव्यात. आडवी दांडी डावीकडे सरकायला लागली की एक दोरी ताणली जाते, उजवीकडे सरकायला लागली की दुसरी, आणि दांडी जागची हलू शकत नाही. दोरी फक्त ओढ सहन करते, दाब नाही, म्हणून दोन लागतात. घडीच्या वस्तूसाठी याहून सोयीचा भाग नाही, कारण दोरीला दुमडायला बिजागरी लागत नाही आणि वजन जवळजवळ नसते. कोपऱ्यांवर येणारा बाजूचा भार बहुतांशी या दोऱ्या उचलतात आणि वर सांगितलेला सांधा मग वर्षानुवर्षे टिकू शकतो. खरे तर ज्याला वेल्डिंग आणि ड्रिलिंगची सोय नाही, त्याने आधी हीच दुरुस्ती करून पाहावी.

आपल्या मापात मागच्या उतरत्या बाजूची तिरपी लांबी सुमारे १.४२ मीटर आणि तिचा कर्ण २.२९ मीटर येतो, म्हणून प्रत्येकी ३ मीटर दोरी गाठीसह पुरते. दोरी ४ ते ५ मिलिमीटर जाडीची पॉलिएस्टरची घ्यावी. नायलॉनची दोरी मजबूत असली तरी ती जास्त ताणली जाते आणि पाणी शोषते, त्यामुळे सकाळी घट्ट वाटलेली दोरी दवाने किंवा पावसाने ओली झाली की सैल पडू शकते. एक टोक वर कायमचे गाठीने बांधावे आणि खालच्या टोकाला तंबूच्या दोऱ्यांना असते तशी सरकती कडी लावावी. दोऱ्या जाळीच्या आकड्यांना बांधू नयेत. दांडीच्या अगदी टोकाला कोपऱ्याच्या पट्टीत वेगळी कडी ठेवावी. ताण देताना दोन्ही दोऱ्या आळीपाळीने थोड्या थोड्या ओढाव्यात आणि पुढच्या तोंडाचे कर्ण मापत राहावे. कर्ण सारखे आले आणि दोऱ्या बोटाने छेडल्यावर सारख्याच ताठ लागल्या की थांबावे, कारण गरजेपेक्षा जास्त ताण दिला तर आडवी दांडी मागे आणि खाली ओढली जाते. कडी जिथे थांबली तिथे दोरीवर रंगाची खूण करून ठेवली की पुढच्या उभारणीला मोजपट्टी लागत नाही.

एक गोष्ट इथे सुटू नये. तळाचा आकार पुढून उघडा असतो, कारण गोलच्या तोंडाशी जमिनीवर नळी ठेवली तर खेळणारा अडखळतो. त्यामुळे माथा दोऱ्यांनी धरला तरी खांबांचे पाय बाजूला सरकू शकतात आणि चौकट खालून कलते. गवतावर पुढच्या प्रत्येक पायाजवळ एक मेख पुरेशी असते. कडक जमिनीवर मेख ठोकता येत नाही. तिथे तळनळ्या आणि मागची तळदांडी यांचे कोपरे न दुमडणारे, आत लांब नळी सरकवून कुलूप लावायचे असे करावेत आणि घडीचा सांधा तळदांडीच्या मध्यावर न्यावा, जिथे तिला जमिनीचा आधार असतो.

आडवी दांडी मधोमध खचत असेल तर

घडी लहान व्हावी म्हणून आडवी दांडी बहुधा मध्यावर तोडलेली असते, आणि वाकण्याचा भारही मध्यावरच सर्वांत जास्त असतो. आत सरकणारी जोडनळी असेल तर ती किती आत जाते हे मोजावे. अर्धा मिलिमीटर ढिलाई असलेली जोडनळी ३० मिलिमीटरच आत जात असेल तर दांडी मध्यावर ७ ते ८ मिलिमीटर खचते. १२० मिलिमीटर आत गेली तर हीच खच २ मिलिमीटरच्या खाली येते. ढिलाईला घाबरण्यापेक्षा जोडनळी लांब करावी, हा नियम इथेही लागू पडतो.

दांडी बिजागरीवर दुमडत असेल तर बिजागरी कोणत्या बाजूला आहे हे पाहावे. ती दांडीच्या वर असेल तर जाळीच्या आणि स्वतःच्या वजनाने सांधा खालून उघडू पाहतो आणि सगळा भार खिटीवर येतो. ती दांडीच्या खाली असेल तर त्याच वजनाने दोन्ही अर्ध्यांची तोंडे वरच्या बाजूला एकमेकांवर दाबली जातात आणि सांधा भारानेच बंद राहतो. खालून चेंडू लागल्यावर तो वर उचलला जाऊ नये एवढ्यापुरती वर साधी खिटी लागते. बिजागरी वरून खाली हलवणे ही तासाभराची दुरुस्ती आहे. मात्र खांब दांडीच्या खाली दुमडून दोन अर्ध्यांच्या मध्ये बसणार असतील, तर बिजागरीचा खिळा एका खांबाच्या जाडीएवढा खाली घ्यावा लागेल, नाहीतर घडी पूर्ण मिटणार नाही.

सांधा ठीक असूनही दांडीच वाकत असेल तर नळी बारीक आहे. भिंतीची जाडी तीच ठेवून व्यास २५ वरून ३८ मिलिमीटर केला तर ताठपणा सुमारे साडेतीन पट होतो, वजन मात्र दीडपटीच्या आसपासच वाढते. जाड भिंतीच्या बारीक नळीपेक्षा मोठ्या व्यासाची नळी केव्हाही बरी.

पीव्हीसीच्या नळ्यांची गोष्ट वेगळी आहे. ॲल्युमिनियमच्या तुलनेत पीव्हीसी वीस पटींहून अधिक लवचीक असते, सतत भाराखाली ते हळूहळू वाकडे होत जाते आणि उन्हात वर्षानुवर्षे राहिल्यास ठिसूळ होते. पीव्हीसीच्या नळीला थेट भोक पाडून फिरता सांधा करू नये. कोपऱ्यांना धातूच्या पट्ट्या वापराव्यात आणि आडव्या दांडीत आतून ॲल्युमिनियमची नळी सरकवावी. जाळी कोणत्याही चौकटीवर सैलसर टांगावी. ताणलेली जाळी चेंडूचा धक्का जसाच्या तसा चौकटीला देते आणि चेंडू परत बाहेर फेकते, तर सैल जाळी तो धक्का हळूहळू जिरवते.

उलटण्याचा धोका

कल दुरुस्त झालेली चौकट ठाम वाटते आणि मग मुले आडव्या दांडीला लोंबकळतात. इथे कसलीही ढिलाई चालणार नाही. ९ किलो वजनाच्या चौकटीचा गुरुत्वमध्य पुढच्या पायांच्या २५ सेंटिमीटर मागे असेल, तर पुढे उलटण्याला तिचा स्वतःचा विरोध फक्त २२ न्यूटन-मीटर असतो. लोंबकळून झोके घेणाऱ्या मुलाने आडव्या दिशेने १०० न्यूटनचा जोर लावला तरी १.२ मीटर उंचीवर तो १२० न्यूटन-मीटर होतो आणि चौकट त्याच्या अंगावर येते. मागच्या तळदांडीवर २० किलो वाळूची पिशवी बांधली तर विरोध १४७ न्यूटन-मीटरने वाढून १६९ होतो. वजन मागेच हवे. तीच पिशवी खांबाच्या पायाशी ठेवली तर तिचा उपयोग जवळजवळ शून्य. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शक सूचनाही हलवता येणारा गोलपोस्ट नेहमी जमिनीला जखडून ठेवावा आणि त्यावर कोणालाही चढू किंवा लोंबकळू देऊ नये, असेच सांगतात. पिशवी नुसती ठेवू नये, पट्ट्याने बांधावी, आणि खेळ संपल्यावर चौकट घडी करून आडवी ठेवावी.

बोटे चिमटण्याचाही विचार सांधे दुरुस्त करतानाच करावा. घडी पूर्ण मिटल्यावरही दोन नळ्यांमध्ये २५ मिलिमीटरहून जास्त फट ठेवली तर मुलाचे बोट त्यात चिमटण्याची शक्यता फार कमी होते.

हे सगळे करूनही चौकट नेहमी एकाच बाजूला कलत राहिली आणि दोऱ्या सैल सोडल्यावरही कर्णांतला फरक तेवढाच राहिला, तर सांधे निर्दोष आहेत आणि एखादी नळीच वाकली आहे. खांबाच्या दोन टोकांना दोरा ताणून धरला की दोरा आणि नळी यांच्यातली फट दिसते. पातळ भिंतीची वाकलेली नळी गुडघ्यावर धरून सरळ करू नये. जिथे ती एकदा दुमडली तिथे भिंत चेपलेली असते आणि पुढच्या जोरदार फटक्याला ती तिथेच पुन्हा दुमडते. तेवढी एक नळी बदलावी, आणि तिच्या कुलपाचे भोक पुन्हा चौकट गुण्यात धरूनच पाडावे.